ॲटिकसचं भाषण जरा बाजूला ठेवा, ज्युरीकडे बघा

'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. वकील असावा तर ॲटिकस फिंचसारखा, आणि लहान मुलीच्या तोंडून सांगितल्यामुळे गोष्ट किती गोड झालीय. झालीय, वाद नाही. पण हार्पर ली यांनी १९६० साली जे लिहून ठेवलं त्यातला खरा ऐवज ॲटिकसच्या शेवटच्या भाषणात कमी आणि त्याआधीच्या उलटतपासणीत जास्त आहे. भाषण सगळ्यांना आठवतं (सिनेमात ग्रेगरी पेकने त्याचं सोनं केलं, ऑस्करही मिळवलं). उलटतपासणी मात्र डावं-उजवं करत सावकाश वाचावी लागते.

गाव मेकोम्ब, अलाबामातलं, काल्पनिक. साल १९३५. बॉब युवेल या गोऱ्याचा आरोप असा की टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराने युवेलच्या मुलीवर, मायेलावर बलात्कार केला. टॉमचा वकील ॲटिकस. शेरिफ साक्षीला येतो. डॉक्टरला बोलावलं होतं का? नाही. ॲटिकस पुन्हा विचारतो, पुन्हा नाही. म्हणजे बलात्काराच्या खटल्यात वैद्यकीय पुरावा शून्य. मग सुजलेला डोळा कुठला? शेरिफ आधी डावा म्हणतो. तिचा डावा की समोरून बघणाऱ्याचा, असं विचारल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडतो आणि तो उजवा म्हणतो. समोरून ठोसा मारून उजवा डोळा सुजवणारा माणूस बहुधा डावखुरा. मग युवेलला पाकिटाच्या मागे सही करायला लावतात, ती तो डाव्या हाताने करतो. आणि टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला, उजव्यापेक्षा फूटभर आखूड. शपथ घेताना तो हात त्याला उजव्या हाताने उचलून बायबलवर ठेवावा लागतो. तिथूनही तो घसरून टेबलावर आपटतो. टॉम परत ठेवायला जातो तेव्हा न्यायाधीशच म्हणतात, पुरे.

इतका स्वच्छ बचाव कुठल्याही वकिलाला स्वप्नात मिळावा. आणि खटला हातातून जातो तो एका साध्या उत्तरावर. मायेलाची कामं फुकट का करून द्यायचास, असं सरकारी वकील विचारतो. टॉम म्हणतो, मला तिची कीव यायची. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची! ज्युरीला डोळ्याची बाजू कळत नव्हती असं नाही. पण त्या गावातली सगळी उतरंड ज्या समजुतीवर उभी होती, तिलाच या उत्तराने धक्का लावला. हे उत्तर नसतं तरी 'दोषी' हा निकाल फिरला नसताच, पण ते आल्यावर न फिरण्याला कारण मिळालं.

आता ज्युरी. ॲटिकसचा तेराव्याच्या उंबरठ्यावरचा मुलगा जेम बापाशी या निकालावरून वाद घालतो ते प्रकरण बरेच जण घाईत उरकतात. तिथे ॲटिकस त्याला सांगतो की बायकांना अलाबामात ज्युरीवर बसता येत नाही (प्रत्यक्षात हे १९६६ मध्ये न्यायालयाच्या निकालाने बदललं) आणि गावातले बरे लोक काहीतरी निमित्त काढून अंग काढून घेतात. बसतात ते खेड्यांतले शेतकरी. काळ्यांचा तर प्रश्नच नव्हता. ही लेखिकेची अतिशयोक्ती नाही. अलाबामातच १९३१ साली स्कॉट्सबरोमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांवर रेल्वेत दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आळ आला आणि पंधरवड्याच्या आत आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने आपलं आधीचं म्हणणं खोटं होतं अशी कोर्टात साक्ष दिली, तरी ज्युरीने दोषीच ठरवलं. तो निकाल रद्द करणारे न्यायाधीश होर्टन पुढच्या वर्षी निवडणूक हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ज्युरीच्या नोंदवहीत काळ्यांची नावं मागाहून घुसडल्याचं बचावपक्षाने दाखवलं आणि सरन्यायाधीशांनी ती पानं भिंग लावून पाहिली. हा निकाल १ एप्रिल १९३५चा. कादंबरीतला खटला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात घडतो. १९३० ते १९६७ या काळात अमेरिकेत बलात्कारासाठी मृत्युदंड दिलेले ४५५ पुरुष होते. त्यातले ४०५ कृष्णवर्णीय.

निरागसपणाबद्दल बोलायचं तर सगळे स्काउटकडे, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या जेमच्या धाकट्या बहिणीकडे बघतात. मला वाटतं ती तशी बरीचशी शाबूत राहते. मोडतो तो जेम. न्यायाधीश ज्युरीची मतं एकेक करून वाचत असतात आणि प्रत्येक 'दोषी'ला त्याचे खांदे मागून कुणी भोसकल्यासारखे उडतात. पुढे शाळेत मिस गेट्स हिटलरने ज्यूंचे कसे हाल चालवलेत हे कळवळून शिकवतात, आपल्याकडे लोकशाही आहे असं फळ्यावर लिहितात. याच बाईंना कोर्टाच्या पायऱ्यांवर 'यांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता' असं काळ्यांबद्दल बोलताना स्काउटने ऐकलेलं असतं. हे कोडं घेऊन ती जेमकडे जाते, तर तो तिला गदागदा हलवून ओरडतो, कोर्टाचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढायचं नाही. समजूतदार, वाद घालणारा मुलगा विषयच बंद करतो. संपूर्ण पुस्तकात मला सगळ्यात जास्त लागलेली जागा ही.

बरं, निरागसपणा हरवायला आधी तो परवडावा लागतो. टॉमला तीन मुलं आहेत. तुरुंगाचं कुंपण चढताना त्याला सतरा गोळ्या घातल्या जातात. दोन्ही हात धड असते तर तो निसटला असता, असं पहारेकरी म्हणतात. म्हणजे जो हात कोर्टात त्याचं निर्दोषपण सिद्ध करतो, तोच कुंपणावर त्याला दगा देतो. ही बातमी घेऊन ॲटिकस त्याच्या घरी जातो, तेव्हा एक चिमुरडी पायरीवर उभी असते आणि तो तिला बोट धरून खाली उतरवतो. बस्स. त्या मुलीच्या डोक्यात काय चाललं असेल हे स्काउटला माहीत नाही, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही. टॉम सज्जन आहे, सोशिक आहे आणि त्यापलीकडे फारसा नाहीच. काळ्यांच्या चर्चमध्ये गोरी मुलं का आणलीस, असं ॲटिकसच्या घरी कामाला असलेल्या कॅलपर्निआला विचारणारी लूला एका प्रसंगात येते नि गायब होते. तिच्यावर अख्खी कादंबरी होऊ शकली असती. 'गोरा तारणहार', म्हणजे काळ्यांची गोष्ट त्यांना वाचवू पाहणाऱ्या गोऱ्या नायकाभोवतीच फिरते, ही टीका म्हणूनच मला पटते.

ॲटिकसबद्दलही तेच. २०१५ मध्ये ली यांचं 'गो सेट अ वॉचमन' हे दुसरं पुस्तक आलं, त्यातला म्हातारा ॲटिकस वंशभेदाची बाजू घेतो म्हणून वाचक हादरले. कशाला हादरायचं? पहिल्याच पुस्तकात तो मुलांना सांगतो की आपल्याकडे क्लॅन (कू क्लक्स क्लॅन, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना) होती ती जास्त करून राजकीय संघटना होती. हा खटलाही न्यायाधीशांनी त्याच्यावर सोपवलेला आहे, त्याने मागून घेतलेला नाही. तो जीव तोडून लढतो हे खरं, पण ज्युरी कशी निवडली जाते यावर कोर्टात अवाक्षर काढत नाही. स्कॉट्सबरोचे वकील नेमके तिथेच लढले.

शाळांच्या सक्तीच्या यादीतून पुस्तक काढावं का, यावर अमेरिकेत अधूनमधून रण पेटतं. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत २०१७ साली भाषेमुळे काहींना अस्वस्थ वाटतं म्हणून काढलं. वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओत २०२२ मध्ये शिक्षकांनीच वंशाच्या चित्रणावर बोट ठेवलं. पहिलं कारण मला पळवाट वाटते, दुसऱ्यावर बोलता येईल. शिकवायचंच असेल तर स्कॉट्सबरोच्या निकालपत्राची चार पानं सोबत द्यावीत, आणि वॉल्टर मॅकमिलियनचं प्रकरणही.

लेखिकेचं गाव मन्रोव्हिल. तिथे १९८६ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला पकडलं. खटला सुरू होण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांत ठेवलं. खून झाला त्या वेळी तो आमच्यासोबत त्याच्या घरीच होता, असं काळ्या साक्षीदारांनी सांगितलं. खटला दीड दिवसात आटोपला. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशांनी ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. १९९१ साली मन्रोव्हिलच्या जुन्या कोर्टात या कादंबरीचं नाटक सुरू झालं, प्रेक्षकांतूनच ज्युरी निवडून, आणि ते दरवर्षी होऊ लागलं. तेव्हा मॅकमिलियन आतच होता, सुटला १९९३ मध्ये. ज्युरीची शिफारस डावलून मृत्युदंड देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार अलाबामाने २०१७ साली काढून घेतला.