ठेकेदाराले कायचं टेन्शन?

आज तालुक्याच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. झोपेच्या गोळ्यांचा विषय निघाला आणि एक ओळखीचा माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "ठेकेदाराले कायचं टेन्शन गा? पैशेच पैशे हायेत तुमच्याजवळ." लोक हसले. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

मागच्या मे महिन्यातली रात्र सांगतो. गावाबाहेरच्या मोरीचं, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाचं, सरकारी काम संपून वर्ष झालं होतं. एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची नोंद, झाली, बिल वर गेलं, पैशाचा पत्ता नाही. गिट्टीवाला, सिमेंटवाला, डिझेलची उधारी... दिवसभर फोन. शेवटी फोन बंद केला आणि त्याच मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. घरी जावंसंच वाटेना. आमचे मेटकाका, म्हणजे मजुरांच्या टोळीचे मुकादम, सायकलनं शोधत आले. त्यांच्या टोळीची तीन आठवड्यांची मजुरी माझ्याकडे बाकी होती. वाटलं, आता हेही मागतील. त्यांनी डबा उघडला, भाकर मोडली, वर ठेचा ठेवून माझ्या हातात दिली. "पैशाचं पाहू मंग. तुमी जेवले नाई ना भाऊ?"

मी हमसून हमसून रडलो.

खराब कामं करून बंगले बांधणारे ठेकेदार आहेत. आहेत, मान्य! म्हणून अंदाजपत्रकापेक्षा कमी दराचं, बिलो टेंडर भरून एकेक मोरी बांधणाऱ्या आमच्यासारख्यांची छाती धडधडूच नये? सुरक्षा ठेव अडकलेली, २०२२ मध्ये जीएसटी १२ चा १८ टक्के झालेला, वरून हमीच्या मुदतीत काही उखडलं तर डागडुजी आमच्याच खिशातून. आणि आम्ही झोप येत नाही म्हटलं की लोक हसतात. संताप होतो नुसता.

मेटकाकांनीच घरी सांगितलं. बायकोनं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मानसिक आजारांच्या ओपीडीपुढे रांगेत उभा होतो, तोंडाला दुपट्टा बांधून, कोणी ओळखू नये म्हणून. डॉक्टरबाईंनी बिलाचं काही विचारलं नाही. झोप किती, जेवण किती, एवढंच. चार महिने गोळ्या घेतल्या. अजूनही महिन्यातून एकदा जातो. दुपट्टा मात्र आता बांधत नाही.

ज्यांची बिलं अडकलीत त्या माझ्या भावांनो, १४४१६ हा टेली मानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, नंबर लिहून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. ते बिल काढून देणार नाहीत, हे मलाही कळतं. पण रात्री दोन वाजता कोणीतरी ऐकतं, आणि ती वेळ निघून जाते.

मोरीचं अर्धं बिल अजून बाकी आहे. टोळीचे पैसे मी सोयाबीन विकून चुकते केले. मेटकाकांनी ते न मोजताच खिशात ठेवले आणि विचारलं, "फोन चालू ठेवता ना भाऊ?"