खोके इथाकात, ट्रंका माळ्यावर

आदिल जस्सावालांचे कागद अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, असं कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहज लिहिलं आणि पेटलंच. ‘मुंबईचा कवी, मग कागद तिकडे कशाला?’ ‘आता मराठी अभिजात झालीय, परत मागा!’ जस्सावाला इंग्रजीत लिहितात, हे कुणाच्या तरी तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

तरी मराठीचा संबंध नाही असं कसं म्हणू? १९७६ साली जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघांनी पदरमोड करून क्लिअरिंग हाउस ही प्रकाशनसंस्था काढली. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ पुस्तक म्हणून तिथूनच आली. ‘भिजकी वही’ हा मराठी कवितासंग्रह लिहिणारा माणूस तोच. त्या मुंबईत दोन भाषा एकाच टेबलावर चहा पीत होत्या.

मी न्यू जर्सीत राहतो. कॉर्नेलचं गाव इथाका गाडीने चार तास. एकदा जाऊन आलो. वाचनकक्ष जमिनीखाली. बॅग, कोट, पेन बाहेर ठेवायचं, आत पेन्सिल चालते. आधी मागवून ठेवलेला खोका टेबलावर येतो आणि एका वेळी एकच फोल्डर उघडायचं. कशासाठी हवंय, कुणाची शिफारस आहे, हे कुणी विचारलं नाही. फोटोचं ओळखपत्र पुरलं. पुण्यातल्या एका ग्रंथालयात मला एका जुन्या अंकासाठी दोनदा अर्ज लिहायला लावला होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते.

पण ग्रुपवरची सगळीच चिडचिड खोटी नाही. सोलापूरच्या एखाद्या मुलीला साठोत्तरी, म्हणजे १९६० नंतरच्या, मुंबईच्या कवितेवर काम करायचं असेल, तर तिने आधी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं? माझ्या खिशात ग्रीन कार्ड आहे म्हणून मला ‘ज्ञानाला सीमा नसतात’ म्हणणं सोपं जातं.

फक्त ‘त्यांनी नेलं’ हे मला म्हणवत नाही. दादरला माझ्या मामाकडे लघुअनियतकालिकांचा, म्हणजे लेखकांनीच जमेल तसे काढलेल्या छोट्या अंकांचा, गठ्ठा होता. सायक्लोस्टाइल केलेले, कडा तुटलेले अंक, मधेमधे लेखकांची पोस्टकार्डं. मामा गेला, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मामीने मला फोन करून विचारलं होतं, ‘यांच्या कागदांचं काय करू?’ मी इथे ऑफिसात, मीटिंगच्या घाईत. म्हटलं, ‘फोटो तेवढे ठेव गं, बाकी काढून टाक.’ रद्दीवाल्याने किलोवर नेलं. मामीला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही.

अभिजात दर्जासाठी दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख पुराव्याला काढणारे आपण पन्नास वर्षांपूर्वीचं पोस्टकार्ड फेकून देतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, कवीच्या माळ्यापर्यंत कोण जातो? आणि नुसतं जाऊन भागत नाही. कागद लावायला, त्यांची यादी करायला पगारी माणूस लागतो, वर्षानुवर्षं. स्मारकाचा दगड त्याहून स्वस्त पडतो.

भांडण विरल्यावर ग्रुपमधल्या एकाने मला वेगळा मेसेज केला. त्याचे वडील कविता लिहायचे. पत्रांच्या दोन ट्रंका घरात आहेत, कुठे देऊ? मी दोन नावं सांगितली. एका ठिकाणी ‘फक्त छापील पुस्तकं घेतो’ म्हणाले, दुसरीकडे अजून कुणी फोन उचललेला नाही. त्याच्या बिल्डिंगचं पाडकाम दिवाळीनंतर आहे.