विहीणबाईंची चेरोकी राजकन्या आणि १८३२ची चिठ्ठी

परवा भाच्याने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट टाकली. मूळ इंग्रजी, फेसबुकवर हजारो लोकांनी पुढे ढकललेली. माझ्या अमेरिकन विहीणबाईंनी ती त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकली, तिथून जावयाकडे, तिथून लेकीकडे आणि मग पुण्यात. भाच्याने हौसेने तिचं मराठी केलं आणि खाली लिहिलं, ‘मावशी, म्हणजे आपल्या नातवाच्या अंगात राजघराण्याचं रक्त!’ दुसऱ्या दिवशी नातवाने शाळेच्या वंशवृक्षाच्या कागदावर तिसऱ्या फांदीवर पिसांचा मुकुट काढला. तो मुकुट पाहिल्यावर मला गप्प बसवेना.

पोस्ट काय म्हणते ते आधी सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या प्रत्येक जुन्या गोऱ्या घराण्याची कहाणी म्हणे एकच. तीन भाऊ बोटीने आले. एलिस आयलंडवरच्या, म्हणजे बोटीने येणाऱ्यांची नोंद करणाऱ्या न्यूयॉर्कच्या केंद्रातल्या, कारकुनाने त्यांचं आडनाव बदललं. ते आयरिश होते, त्यामुळे त्यांनाही गुलाम म्हणून विकलं गेलं, तेव्हा गुलामगिरीचं दुःख सगळ्यांनीच सारखं भोगलं. पुढे एकाने चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या राजकन्येशी लग्न केलं. आणि यादवी युद्धात काउंटीचं, म्हणजे तिथल्या तालुक्याचं, कोर्ट जळलं, म्हणून यातलं काहीच कागदावर सापडत नाही. शेवटी उपदेश: कागद शोधू नका, आजीची गोष्ट हाच पुरावा.

मी तीस वर्षं अभिलेख कक्षात काढली आहेत. फेरफार, हक्कनोंदी, वारस नोंदी, वाळवीने चाळण केलेली बाडं. ‘कागद शोधू नका’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. गेली दोन वर्षं वर्षातले सहा महिने मी लेकीकडे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात असते, आणि जावयाच्या परवानगीने त्याच्या घराण्याचे आठ पिढ्यांपर्यंतचे कागद मी स्वतः काढून पाहिलेत. म्हणून हे लिहितेय.

एलिस आयलंडचं आधी उरकून टाकू. ते केंद्र १ जानेवारी १८९२ला उघडलं. जावयाचे पूर्वज १८३२ साली जॉर्जियाच्या सरकारी यादीत आहेत, म्हणजे साठ वर्षं आधी. शिवाय तिथले कारकून आडनावं बदलत नसत. बोट निघते त्या बंदरावरच प्रवाशांची यादी तयार व्हायची आणि इथे फक्त तिच्याशी ताडून पाहायचे. दक्षिणेतली बहुतेक जुनी घराणी तर वसाहतींच्या काळातच आली, कुणी चार्ल्सटनला उतरलं, कुणी फिलाडेल्फियाला उतरून बैलगाड्यांच्या वाटेने खाली कॅरोलायनात सरकलं. तीन भावांबद्दल काय बोलायचं? एकाच आडनावाची माणसं तीन ठिकाणी दिसली की त्यांना भाऊ करून टाकायचं, ही सोय आहे. आपल्याकडेही गावोगावचे पाटील असेच भाऊ होतात.

कोर्ट जळल्याची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, हे मला मान्य करावं लागतं. १८६४च्या नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन याची फौज अटलांटाहून सव्हानाला गेली तेव्हा वाटेत पुष्कळ जळलं. इतर काउंट्यांची कोर्टंही कधी युद्धात, कधी साध्या आगीत गेली. पण काउंटीचं दप्तर जळलं म्हणजे सगळंच जळलं असं होत नाही. तहसिलीतलं बाड गेलं तरी जिल्ह्याला प्रत असते, तसंच हे. जनगणना केंद्र सरकारची, जमीनवाटपाच्या याद्या राज्याच्या. १८५० पासून जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे, १८८० पासून घरातलं नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान आहे. १८९०ची जनगणना तेवढी जवळजवळ सगळी गेली, तीही १९२१ साली वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीला आग लागून. त्यात शर्मनचा काही संबंध नाही.

आता राजकन्या.

चेरोकींमध्ये राजा नव्हता. त्यांची सात कुळं होती, मूल आईच्या कुळाचं व्हायचं, आणि १८२७ साली तर त्यांनी लेखी राज्यघटना करून निवडलेला प्रमुख नेमला. राजाच नाही तिथे राजकन्या कुठून आली? हा शब्द गोऱ्या घरांनी नंतर बनवला. पण शब्दाचं सोडा. विहीणबाई म्हणतात ती राजकन्या त्यांची खापरपणजी. ती मला सापडली. १८५०च्या जनगणनेत ती सात वर्षांची आहे, साउथ कॅरोलायनातल्या एका गोऱ्या शेतकऱ्याच्या घरात, पाच भावंडांमध्ये. १८८०च्या जनगणनेत तिच्या वडिलांचं जन्मस्थान साउथ कॅरोलायना, आईचंही साउथ कॅरोलायना. कोर्ट जळलंय म्हणता ना? हे कागद जळलेले नाहीत.

मग गोष्ट आली कुठून? त्याचाही कागद आहे. १९०६ साली अमेरिकी न्यायालयाच्या निकालानंतर पूर्वेकडच्या चेरोकींच्या वंशजांना जुन्या करारांपोटी पैसे वाटायचे ठरले. वंशज कोण हे ठरवायला गियन मिलर नावाचा अधिकारी नेमला. त्याच्याकडे पंचेचाळीस हजारांवर अर्ज आले, त्यात मिळून सुमारे ९० हजार माणसांनी हक्क सांगितला. मान्य झाले सुमारे ३० हजार. म्हणजे तिघांपैकी दोघांचा दावा टिकला नाही. ते अर्ज आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि घरबसल्या वाचता येतात. त्यात आमच्या विहीणबाईंच्या पणजोबांचा अर्ज आहे. १९०७ सालचा, कोपरा फाटलेला. ‘तुमचे पूर्वज कोणत्या गावी, कोणत्या यादीत होते?’ या रकान्यात लिहिलंय, ‘आई म्हणायची आम्ही इंडियन आहोत.’ इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. खाली शेरा: नामंजूर. आजीची गोष्ट म्हणतात ती इथे पहिल्यांदा कागदावर येते. ती पैशासाठीच रचली असं मी म्हणत नाही, त्या माणसाचा तिच्यावर विश्वासही असेल. पण तिच्याआधीच्या एकाही कागदात चेरोकी हा शब्द नाही.

आणि जिथे तो शब्द येतो, तो कागद कुणी दाखवत नाही. विहीणबाईंनी ही पोस्ट पुढे पाठवायच्या आधी तो पाहायला हवा होता.

१८२८-२९च्या सुमाराला उत्तर जॉर्जियात डहलोनेगाजवळ सोनं सापडलं. १८३०ला मूळ रहिवाशांना हुसकायचा कायदा झाला. १८३२ साली जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन मोजून तुकडे पाडले. शेतजमिनीचे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. आणि सोडत काढली. राज्यात तीन वर्षं राहिलेला गोरा पुरुष चिठ्ठी टाकू शकत होता. बायको असेल तर जास्त चिठ्ठ्या, विधवांना, अनाथांनाही चिठ्ठी. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना यादीत ‘भाग्यवान’ म्हटलंय. त्या वेळी चेरोकी त्या जमिनीवर राहत होते. त्यांची घरं, मक्याची शेतं, आंब्यासारखी जपलेली पीचची झाडं तिथेच होती. लोकांनी चिठ्ठी दाखवून त्यांच्या दारात उभं राहावं, अशी ही व्यवस्था. १८३८ साली लष्कराने उरलेल्यांना पकडून कोंडवाड्यांत घातलं आणि पश्चिमेला चालवत नेलं. सोळा हजारांच्या आसपास माणसं, त्यातली सुमारे चार हजार मेली असा अंदाज सांगतात.

त्या १८३२च्या यादीत जावयाच्या पूर्वजाचं नाव आहे. वय चोवीस, लग्न झालेलं, दोन चिठ्ठ्या. एक निघाली. १६० एकर.

आता मला सांगा, ज्या घराण्याने चेरोकींची जमीन चिठ्ठीवर घेतली, त्याच घराण्याने सत्तर-पाऊणशे वर्षांनी ‘आम्हीच चेरोकी’ म्हणून पैशासाठी अर्ज करावा, आणि आणखी शंभर वर्षांनी त्याचा मुकुट माझ्या नातवाने काढावा? या पोस्टने नुकसान होतं ते हे. ज्यांची जमीन गेली त्यांचं दुःखही आपल्याच नावावर करून घ्यायचं. आणि हे काही फार लांबचं नाही. लेकीचं घर फोर्सिथ काउंटीत आहे. ही काउंटी १८३२च्या डिसेंबरात त्याच वाटलेल्या जमिनीतून काढलेली. आज इथे मराठी घरांची दिवाळी होते, गणपती बसतो. ज्या अंगणात आम्ही रांगोळी काढतो, ते कुणाच्या तरी चिठ्ठीत निघालं होतं.

भाच्याने विचारलं, ‘पण डीएनए चाचणी केली तर?’ ती चाचणी फार तर ‘अमेरिका खंडातले मूळ रहिवासी’ इतकंच सांगते, चेरोकी असं सांगू शकत नाही. आणि चेरोकी नेशनचं, म्हणजे चेरोकींच्या स्वतःच्या शासनाचं, नागरिकत्व जुन्या नोंदवहीतल्या, म्हणजे डॉझ रोलमधल्या पूर्वजापासून थेट वंश दाखवला तरच मिळतं. २०१८ साली अमेरिकी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या चाचणीचा निकाल जाहीर केला तेव्हा चेरोकी नेशनने त्याला स्पष्ट विरोध केला, आणि पुढे वॉरन यांनी माफी मागितली. एवढं मात्र खरं की काही गोऱ्या व्यापाऱ्यांनी चेरोकी बायकांशी लग्नं केली होती. खुद्द प्रमुख जॉन रॉस यांच्या अंगात स्कॉटिश रक्त जास्त होतं. पण अशी घरं लपलेली नाहीत. हुसकवण्यापूर्वी १८३५ साली सरकारने चेरोकींची मोजणी केली, त्यात साडेसोळा हजार चेरोकी आणि त्यांच्यात लग्न केलेले गोरे जेमतेम दोनशे. खरं नातं असेल तर ते नोंदीत सापडतं.

राहिले आयरिश गुलाम. आयरिश आणि इतर गरीब गोऱ्यांना कराराने बांधून आणलं, त्यांना मारझोड झाली, कितीतरी मुदत संपायच्या आतच मेले. हे खोटं नाही. पण करार साधारण चार ते सात वर्षांचा असायचा आणि त्यांचं मूल जन्मतः मोकळं असायचं. व्हर्जिनियाने १६६२ साली कायदा केला की मूल आईच्या स्थितीचं. आई गुलाम, तर मूल गुलाम, त्याचं मूल गुलाम, पिढ्यान् पिढ्या. हा कायदा आयरिश बायकांसाठी नव्हता.

तो फरक कागदावर कसा दिसतो ते मी पाहिलं. १८५०च्या जनगणनेची एक वेगळी पुरवणी आहे, गुलामांची. डाव्या रकान्यात मालकाचं नाव. मग संख्या, वय, लिंग, रंग. मग पळालेले, मुक्त केलेले, बहिरे-मुके-आंधळे-वेडे. गुलामाच्या नावाचा रकानाच नाही. जावयाच्या त्याच पूर्वजाचं, सोडतवाल्याचं, नाव वळणदार अक्षरात आहे आणि त्याखाली सहा ओळी. ३५, पुरुष, काळा. २९, स्त्री, काळी. १२. ८, स्त्री. ५. आणि शेवटी एक, ज्याचं वय वर्षात नाही, महिन्यांत. मी तो पडदा बोटांनी मोठा करत राहिले, कुठे बाजूला तरी कुणी नाव खरडलं असेल म्हणून. नव्हतं.

आमच्या अभिलेख कक्षात वारस नोंदींत बहिणींची नावं गाळलेली मी शेकड्याने पाहिली आहेत. ‘आमच्याशिवाय वारस नाही’ असा जबाब भाऊ देतात आणि तलाठी लिहून घेतो. पण बहीण निदान दुसऱ्या कुठल्या तरी कागदात नावाने असते, शाळेच्या दाखल्यात, लग्नाच्या नोंदीत. या सहा जणांना जनगणनेच्या कागदावर नाव मिळायला १८७० उजाडावं लागलं. ‘दुःख सगळ्यांनी सारखं भोगलं’ असं लिहिणाऱ्याने हे एक पान उघडून पाहावं.

विहीणबाईंना मी हे सगळं घरी बोलावून, शेजारी बसवून दाखवलं. त्या चांगल्या बाई आहेत. १९०७चा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, सोडतीची यादी पाहिली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला आईने सांगितलं होतं.’ मी म्हटलं, ‘आईने खोटं सांगितलं नाही, आईला कुणी कागद दाखवले नव्हते.’ पोस्ट त्यांनी काढून टाकली. भाच्याने अजून काढलेली नाही, म्हणून हा खटाटोप.

नातवाने मुकुट खोडलाय. आता त्या फांदीवर ‘शेतकऱ्याची मुलगी, साउथ कॅरोलायना, १८४३’ असं लिहिलंय आणि आठव्या पिढीच्या चौकटीत ‘१६० एकर, सोडत, १८३२’. त्याने विचारलं, ‘आजी, त्या सहा जणांना कुठे लिहू?’ ते आपले पूर्वज नाहीत, पण या घरात होते. मग आम्ही मुळांच्या बाजूला सहा चौकटी काढल्या आणि वयं लिहिली.

१८७०च्या जनगणनेत त्याच गावात, दोन घरं सोडून, एक कृष्णवर्णीय बाई आहे. वय २८. १८५०च्या त्या पानावर ८ वर्षांची मुलगी आहे, म्हणजे वय जुळतं. आडनाव मात्र वेगळं आहे, मुक्त झालेल्यांनी सर्रास मालकाचंच आडनाव घेतलं असं नव्हतं. नुसत्या वयावर मी तिला ती मुलगी ठरवणार नाही. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली निघालेल्या सरकारी खात्याचे मजुरी करार आणि त्यांच्यासाठी काढलेल्या बचत बँकेची खातेपुस्तकं आहेत. त्या बँकेत खातं उघडताना आईबापांची, भावंडांची नावं विचारून लिहीत. ती पानं सध्या मी आणि जावई रोज रात्री जेवणानंतर चाळतोय. चौथी चौकट अजून नुसत्या वयाचीच आहे.