दया कुणाची करायची ते आधी ठरवा

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

काल अलास्काचे फोटो टाकले होते. बर्फ, तंबू, स्लेजला, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या गाडीला, जुंपलेली कुत्री. त्याखाली आमच्याच बिल्डिंगमधल्या एका बाईंची कॉमेंट: 'बिचारी जनावरं! माणसांची हौस होते आणि हाल त्यांचे.' पुढे रडक्या चेहऱ्यांची रांग. म्हटलं जाऊ दे. आणि आज दुपारी दीडच्या उन्हात लिफ्टमध्ये ह्याच बाई. हातात पट्टा, पट्ट्याला हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातलं केसाळ कुत्रं. जीभ हातभर बाहेर, लाळ गळतेय, गार फरशीला पोट टेकून चारी पाय पसरलेले. मजला आला तरी उठेना. "आळशी झालाय हो फार," बाई म्हणाल्या.

आळशी! मे महिना आहे, पुणं आहे, पारा चाळिशीला टेकलाय, आणि अंगावर लोकरीचे दोन थर घेऊन जन्मलेलं ते जनावर आळशी!

आता मी अलास्कात काय बघून आले ते सांगते. फेअरबँक्सहून डाल्टन हायवेने साधारण ४०० किलोमीटर उत्तरेला कोल्डफूट. तिथून ब्रूक्स रेंजच्या डोंगरात. मार्च होता, तरी रात्री उणे तीस. प्रत्येकाला स्वतःची स्लेज आणि चार कुत्री. लगाम नाही, चाबूक नाही. उजवीकडे वळायचं तर 'जी', डावीकडे 'हॉ', आणि थांबवायला पायाखाली ब्रेक. ही कुत्री रीलमधल्यासारखी निळ्या डोळ्यांची, गुबगुबीत नव्हेत. अलास्कन हस्की म्हणजे सगळी जातींची सरमिसळ. वीस-पंचवीस किलोची, लांब पायांची, किडकिडीत. आपल्या गल्लीत सोडली तर कोणी वळून बघणार नाही.

आमच्यात विलो नावाची कुत्री होती. तिच्या पंजाच्या गादीत बर्फाने चीर पडली. गाइडने मलम लावलं, वर कापडी बूट चढवला आणि तिला त्या दिवशी जुंपलंच नाही. माझ्या स्लेजवरच्या पिशवीत बसवून पिशवीची चेन तिच्या गळ्यापर्यंत लावून टाकली. आयती सवारी. मी असते तर झोपले असते! ही बया दुपारपर्यंत रडत होती. बाकीची पळतायत आणि आपण सामानात, हे तिला सहनच होईना. डोकं बाहेर, नजर पुढच्या कुत्र्यांवर, आणि चढ आला की आतून पाय मारायची. मी मागे उभी राहून तिला समजावतेय, मराठीत! काही उपयोग नाही.

हाल बघायचे होते ना? हेच ते. काम काढून घेतल्याचे.

बरं, सगळीकडे असंच असतं असं नाही, मान्य. दिवसभर साखळीला बांधून ठेवणारेही आहेत, आणि २०१० च्या ऑलिंपिकनंतर कॅनडात व्हिसलरला स्लेज-सफरींचा धंदा बसला म्हणून डझनावारी कुत्री मारून टाकली होती. ते पाप आहेच. पण म्हणून सगळ्यांनाच एका माळेत ओवणार? अलास्कातल्या देनालीच्या नॅशनल पार्कात रेंजर आजही हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालतात. १९२५ साली तिथल्याच नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा ह्याच जातकुळीच्या कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हजारेक किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. त्यांना कुणी बिचारी म्हणालं नसेल.

संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मुक्कामाला पोचलं की आपण आधी शेकोटीकडे धावायचं नसतं. आधी कुत्री सोडायची, प्रत्येकीला तारेच्या दोरीला अंतरावर बांधायचं, खाली स्प्रूसच्या फांद्या अंथरायच्या, पंजे तपासायचे. मग बर्फ वितळवत बसायचं. भलंमोठं पातेलं शिगोशीग भरलं तरी तळाला ओंजळभर पाणी. त्या कढत पाण्यात खाणं आणि चरबीचे तुकडे भिजवून त्यांच्यापुढे ठेवायचं, आणि मग आपलं सूप. माझ्या आजोळी बैलांना वैरण पडल्याशिवाय पान मांडत नसत, तसंच. जेवण झाल्यावर विलोचा पंजा परत बघितला. तिने माझं नाक चाटलं. चाटलेलं तिथल्या तिथे गोठलं. सकाळी तंबूबाहेर आले तर कुत्री दिसेनात, नुसते पांढरे उंचवटे. शेपटी नाकावर घेऊन गोल झोपलेली, वरून रात्रीचा बर्फ पडलेला. एक उंचवटा हलला, अंग झटकलं, आणि हार्नेसची, म्हणजे जुंपायच्या पट्ट्यांची, पिशवी बघून जो आरडाओरडा सुरू झाला! निघेपर्यंत कान किटतात. स्लेज सुटली की मात्र सगळी चिडीचूप, फक्त पावलांचा आवाज.

विलोला तिसऱ्या दिवशी जुंपली. ते तिचं तोंड मी ह्या बाईंना कसं दाखवू?

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. बाई वाईट नाहीत. कुत्र्यावर जीव आहे त्यांचा, रात्री आजारी पडला तर रिक्षाने नेतात. पण जीव आहे म्हणून काय झालं? पूर्वी मोबाइलच्या जाहिरातीत पग दिसला आणि घरोघरी पग आले, नाकाने घोरणारे. आता हस्कीचं पेव फुटलंय. व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला केंद्राने २०१६ मध्येच मनाई केली, तरी इथल्या इथे पिल्लं काढून विकणारे आहेतच, कारण आपण घेतो. फोटो छान येतात ना! पाळायचंच असेल तर आपल्याकडचा कारवान कुत्रा आहे, उन्हातान्हात पळणारा. गल्लीतली पिल्लं आहेत, फुकट आहेत.

आणि कृपा करून खाली 'आमच्याकडे चोवीस तास एसी असतो' असं लिहू नका. दर गुरुवारी दुपारी आपल्या भागातली लाइट जाते. जनरेटर फक्त लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला आहे. मी कमिटीवर आहे, मला पक्कं माहितीय.