मार्चमधली खोकी

आला मार्च, आली खोकी! अकरा महिने 'निधी नाही' म्हणणारं आमचं ऑफिस, ३१ मार्चला पैसा परत जाऊ नये म्हणून जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, धडाधड खरेदी काढतं. यंदा नेटवर्कचे राऊटर आले, स्विच आले. ते बसवायचे रॅक? ते पुढच्या वर्षीच्या मागणीत! तोवर माल भांडारात, फायलींच्या गठ्ठ्यांवर. एका खोक्याला उंदरानं कोपऱ्यात भोक पाडलंय, आतली निळी केबल डोकावतीय. वॉरंटी मात्र माल उतरला त्याच दिवसापासून पळायला लागली. अटीत 'बसवल्यापासून' एवढा एक शब्द घालायला काय जात होतं?

स्पेसिफिकेशन म्हणजे मागच्या फायलीची नक्कल. बॅटरी बॅकअप एक तास! अहो, हे परभणी आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं, अन् लाईट गेली की दुपारभर गेली. ऑर्डर एल-वनला, म्हणजे सगळ्यात स्वस्ताला. देखभालीचा करार कुणी धरलेलाच नसतो (धरला तर दर वाढतो ना!).

"साहेब, आधी अर्थिंग तरी बघू," म्हणलं तर साहेब म्हणतात, "तुम्ही सही करा हो. नग बरोबर आहेत ना?"

आहेत की. चोवीसच्या चोवीस. खोक्यात.