भंगार म्हणे!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरचा व्हिडिओ टाकला. खाली एका महाशयांची कमेंट, ‘हे भंगार अजून उडतंय?’ त्यावर हसणारे अकरा चेहरे. चहा निवला माझा.

माझे मामा नौदलात होते. पायलट नव्हेत, पायलटचे फोटो येतात. मामा मशीनच्या पोटाखाली शिरून हात काळे करणारे. कोचीला, नौदलाच्या ‘गरुडा’ या हवाई तळावर, जवळजवळ सगळी नोकरी सी किंगपाशी. गणपतीला महाडला आले की आईची कपडे वाळत घालायची तार सुती फडक्यात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायचे. हेलिकॉप्टरमधून माणूस वर ओढणाऱ्या विंचच्या पोलादी दोरीची सवय. त्यातली एखादी बारीक तार तुटली तर डोळ्याला दिसत नाही, फडक्याला अडकते. ‘याच्यावर माणूस लटकतो, ताई.’ आई म्हणायची, ‘इथे परकर लटकणारेत.’

तर भंगार. १९७१ साली नौदलाची ३३० स्क्वाड्रन, म्हणजे हेलिकॉप्टरांची तुकडी, उभी राहिली तेव्हा ही मशीन्स आली ती पाणबुड्या हुडकायला. समुद्रावर एका जागी तरंगायचं, सोनार, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा कान, पाण्यात सोडायचा, ऐकायचं, उचलायचा, पुढे जायचं. माणसं वाचवणं हे वरकाम! पण जे मशीन पाण्यावर तसं थांबू शकतं, ते बुडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरही थांबतंच की.

१९९८ला पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. सी किंग बांधलेलं इंग्लंडच्या वेस्टलँडने, पण मूळ डिझाइन अमेरिकन सिकोर्स्कीचं. स्पेअर पार्ट अडकले. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, असे दिवस. मामा त्या वर्षी गणपतीला आलेच नाहीत. तेव्हा कुठे होते हे अकरा चेहरे?

२०१८चा केरळचा पूर आठवतोय ना? लेफ्टनंट कमांडर अभिजित गरुड यांनी चालकुडीत सी किंग एका घराच्या गच्चीवर टेकवलं. टेकवलं म्हणजे नुसती चाकं लावली. सगळं वजन टाकलं असतं तर स्लॅबच खाली. डोक्यावर ६२ फूट व्यासाचा पंखा फिरतोय आणि आठ मिनिटं ते धूड असं अधांतरी धरून ठेवायचं. २६ माणसं आत घेतली. आम्हाला गाडी पार्किंगमध्ये सरळ लावता येत नाही.

मान्य, मशीन म्हातारं झालंय. अपघात झाले, माणसं गेली. कोचीला २०२४च्या मार्चमध्ये सीहॉक या नव्या हेलिकॉप्टरची स्क्वाड्रन सुरू झाली, ती कधीच व्हायला हवी होती. ग्रुपवर हे मी कबूल करणार नाही, इथे करते.

पण मला आठवतो तो २०१६चा ऑगस्ट. रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल गेला, दोन एसट्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी पावसात आवाज आला. रिटायर झालेले मामा तेव्हा आमच्याकडेच होते. बाहेर न बघताच म्हणाले, ‘सी किंग. शिक्रावरनं आलंय, कुलाब्याच्या नौदल तळावरनं.’ मग ओट्यावर जाऊन उभे राहिले. आई जेवायला हाका मारत होती. हात मात्र नकळत तारेवर, पुढे-मागे, पुढे-मागे. फडकं नव्हतंच. बसमधलं जिवंत कोणी सापडलं नाही असं शेजारच्यांनी येऊन सांगितलं, तरी ते तिथेच.

एवढं लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मामांना तो व्हिडिओ पाठवला, कमेंट नाही पाठवली. अर्ध्या तासाने त्यांचा मेसेज आला: ‘दार उघडं आहे, विंच बाहेर आहे. कोणाला उचलत होते?’

मी व्हिडिओ परत लावला. खाली, अगदी कोपऱ्यात, दोरीच्या टोकाला एक नारिंगी ठिपका होता. आमच्यापैकी कोणीच तो पाहिला नव्हता. मीसुद्धा.