टाक्यांआधी व्याख्या वाचू नका

अमेरिकेच्या १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टखालची (पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा) सांडपाणी प्रकल्पांच्या बांधकाम-अनुदानाची जुनी नियमावली हाती आली, की व्याख्यांची पानं सरळ उलटा. ‘माहीत आहे’ म्हणायचं आणि पंपांच्या किमती काढायला बसायचं.

‘कन्स्ट्रक्शन’ घ्या. कलम २१२ नुसार त्यात प्राथमिक नियोजन, सर्वेक्षण, नकाशे, कायदेशीर आणि आर्थिक तपासणीसुद्धा येते. प्रत्यक्ष उभारणीला नियमावलीत वेगळा शब्द आहे, ‘बिल्डिंग’. तुम्ही दोन्ही एकच समजून बिलं पाठवा. लेखापरीक्षकांनाही पोट आहे.

खरी मजा गळक्या गटारांत. जमिनीतलं पाणी फुटक्या पाईपांतून, सांध्यांतून, मॅनहोलमधून झिरपत आलं तर ते इन्फिल्ट्रेशन. छपराच्या पन्हळींतून, तळघराच्या निचऱ्यातून, मॅनहोलच्या झाकणावरून किंवा पावसाळी गटाराच्या चुकीच्या जोडणीतून शिरलं तर इन्फ्लो. पहिलं भूजल चढलं की आठवडेच्या आठवडे चालू राहतं, दुसरं पाऊस पडताच उसळतं. दोन्ही एका रकान्यात घाला. म्हणजे पन्हळी गटारापासून तोडण्याऐवजी अख्खी लाईन खोदून बदलता येईल आणि पुढच्या वादळात तेवढंच पाणी परत येईल!

मोजणीही सोपी करा. घरगुती सांडपाणी आणि इन्फिल्ट्रेशन मिळून माणशी रोज १२० गॅलन, म्हणजे साधारण ४५४ लिटर, यांच्या आत असेल तर ते ‘जादा’ धरत नाहीत. पण हे मोजायचं भूजल वर असताना. तुम्ही मीटर कोरड्या महिन्यात लावा. आकडा शहाण्या बाळासारखा येईल, टाक्याही त्याच मापाच्या होतील आणि ओल्या महिन्यात गाळ सेटलिंग टाकीतून वाहत नदीत जाईल.

प्रकल्प चालू झाल्याची तारीख अनुदान घेणाऱ्यानेच सांगायची असते. फीत कापायचा दिवस द्या, फोटो चांगले येतात. वर्षभराने मात्र प्रकल्प निकष पाळतो की नाही ते लिहून द्यावं लागतं. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, ३० दिवसांच्या सरासरीत लिटरला ३० मिलिग्रॅम, ७ दिवसांच्या सरासरीत ४५, शिवाय किमान ८५ टक्के घट. आता आत येणारं सांडपाणीच पातळ होऊन त्याचा बीओडी १५० वर आला असेल, तर बाहेर ३० सोडूनही घट ८० टक्केच भरते. यात सवलत आहे म्हणा, पण पातळपणा जादा इन्फिल्ट्रेशन-इन्फ्लोमुळे आलेला नाही हे दाखवता आलं तरच. त्यासाठी ओल्या महिन्यांची मोजमापं लागतात, आणि तेव्हा तर तुमचा मीटर गोदामात होता.